मामांची शनिवारची दुरुस्ती

रुग्णालयातले सगळे एक्स-रे आमच्या मामांच्या ताब्यात. खोलीला खिडकी नाही, भर उन्हाळ्यात स्वेटर लागतो, सोबतीला आठ डिस्कचं एक कपाट. प्रत्येक फोटो दोन डिस्कवर. एक गेली तरी दुसरी आहेच. मामांनी या कपाटाचं केलं त्याच्या निम्मं कौतुक मामीचं केलं असतं, तर घरात केव्हाच शांतता नांदली असती. दर शनिवारी ते ‘तपासा आणि दुरुस्त करा’ हे बटण दाबत आणि किती फायली दुरुस्त झाल्या तो आकडा घरी येऊन सांगत. चार महिने आकडा वाढतच होता. मामा खूश होते.

मंगळवारी डॉक्टरबाईंचा फोन आला. एका ट्रकड्रायव्हरच्या छातीत डाग दिसला होता. दोन वर्षांपूर्वीच्या फोटोत तो तेवढाच असेल तर नुसतं लक्ष ठेवायचं. नसेल तर छाती उघडायची. जुना फोटो उघडला, तर अर्ध्यावर नुसते राखाडी पट्टे.

“कपाटाचे दिवे सगळे हिरवे आहेत, बाई.”

“मला दिव्यांचं ऑपरेशन करायचं नाहीये.”

मामांनी डिस्क तपासल्या, वायरी बदलल्या. सगळं ठणठणीत. शेवटी त्या फोटोची फाईल ज्या आकड्यांनी बनते, त्यांची त्यांनी बेरीज काढली. पुन्हा काढली, वेगळी आली. तिसऱ्यांदा तिसरीच. फाईल तीच, डिस्क तीच. खोटं बोलत होती मधली मेमरीची पट्टी, जिच्यातून प्रत्येक फाईल ये-जा करते. चांगल्या दोन प्रतींपैकी एक वाचताना पट्टीत बिघडायची, यंत्राला फरक दिसायचा आणि ते बिघडलेलीच प्रत दोन्हीकडे लिहून टाकायचं. हुकूम मामांचा, दर शनिवारच्या बटणाचा.

बाहेर एक्स-रेच्या रांगेत साठ माणसं. कपाट चालू ठेवावं तर आजचे फोटोही नासणार. बंद करावं तर का बंद केलं ते सांगावं लागणार. मामा खुर्चीत बसून राहिले. मामीचा फोन आला.

“जेवायला येताय ना?”

“नाही जमणार.”

“मग कपाटालाच वाढायला सांगा.”

मामांनी फोन ठेवला आणि कपाट बंद केलं.

दुपारी नवी पट्टी बसली. आता बेरीज दर वेळी तीच येत होती आणि फोटोतले पट्टेही तेच, अगदी पक्के.

“बाहेर कुठे तिसरी प्रत?” बाईंनी विचारलं. “नाहीतर छाती उघडूनच बघावं लागेल.”

“दोन होत्या ना, म्हणून...” मामा उठले आणि ड्रायव्हरला शोधायला बाहेर गेले.

ड्रायव्हर बाकावर एकटाच बसला होता.

“तुमचा जुना फोटो माझ्या हातून गेला,” मामा म्हणाले.

“पुसलात?”

“दुरुस्त केला.”

ड्रायव्हरला काही कळलं नाही, पण तो सरकला आणि मामांना जागा करून दिली. तेवढ्यात नर्स ऑपरेशनच्या संमतीचा कागद घेऊन आली.

“चष्मा गाडीत राहिलाय,” ड्रायव्हर म्हणाला. “साहेब, तुम्हीच वाचून दाखवा. काही गाळू नका हं.”

मामांनी कागद हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.