आईने शिकवलेले डॅफोडिल्स

परवा दुकानात डॅफोडिलच्या कंदांची जाळीची पिशवी उचलली आणि त्या कोरड्या, मातकट वासाने मला इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतली फार जुनी ऑक्टोबरची एक सकाळ आठवली.

घरासमोरच्या ग्रीनवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक हिरवळीवर, शेजारी मिळून कंद लावत होते. सासवडहून आलेली आई महिनाभर घरात बसून कंटाळली होती, म्हणून तिलाही नेलं. साडीवर माझा जाड कोट चढवून ती सरळ चिखलात उकिडवी बसली.

"आई, सगळे बघतायत. खुर्ची आणते ना," मी ओशाळून म्हणाले.

"बघू देत. निशिगंधाचे वाफे खुर्चीत बसून लावले का मी?"

शेजारच्या टॉमने कंद उलटा ठेवला होता. आईने तो सुलटा केला आणि बोट दाखवून म्हणाली, "टोक वर!"

"टोक वर," टॉम तिच्याच मराठीत म्हणाला. हळूहळू सगळेच तिच्याभोवती जमले. ती खड्डा किती खोल हवा ते हाताची वीत करून दाखवत होती, चुकलं की हसून पुन्हा करायला लावत होती.

तेव्हा मला तिच्या चिखलाने माखलेल्या साडीची लाज वाटत होती. आज त्याच साडीचा अभिमान वाटतो. त्या सकाळी मी तिचं बोलणं इंग्रजीत सांगायला पुढे झाले होते, पण माझी कुणाला गरजच पडली नाही.