बाँड संपलेल्या मॅडम

मित्रांनो, आज मी राजीनामा लिहून शाळेत नेला होता.

साकोलीतल्या एका खासगी शाळेत विज्ञान शिक्षिका, ही माझी पहिली नोकरी. तीन वर्षांचा बाँड आहे आणि तोवर माझी मूळ सर्टिफिकेटं शाळेने ऑफिसच्या कपाटात अडकवून ठेवली आहेत. वर्षभरात विज्ञानाचे तास मोजकेच मिळाले. बाकी घरोघरी फिरून प्रवेशाची पत्रकं वाटली.

ऑफिसबाहेर थांबले होते, तेवढ्यात मराठीच्या मॅडम शेजारी येऊन बसल्या. मी हळूच विचारलं, "मॅडम, बाँड तोडून जाऊ का? का अजून दोन वर्षं काढू?"

त्या म्हणाल्या, "पोरी, माहा बाँड तं सहा वर्षांआधीच संपला."

"मंग तुम्ही काहून नाही गेल्या?"

"आज जाईन, उद्या जाईन करत राहिली. आता कोण घेते मले?" एवढं बोलून त्या वर्गावर गेल्या.

मुख्याध्यापकांनी आत बोलावलं. "काय काम होतं?"

"काही नाही, सर," मी म्हणाले आणि बाहेर आले.

आता बसस्टँडवर बसून हे लिहून राहिली आहे. दोन वर्षांनी बाँड संपेल, तेव्हा माझ्यात निघायची ताकद उरली असेल का, कळत नाही. तुमच्यापैकी कोणी अशी नोकरी मधेच सोडली असेल, तर सांगा ना, त्या दिवशी तुम्ही तोंड कसं उघडलं?