जावयाच्या पेटीतली मुरी

फजिती माझी, तेव्हा मीच सांगते. विहीणबाईंच्या तोंडून ऐकाल तर त्या आपली फोडणी घालून सांगतील. आणि त्यांच्या फोडणीत मिरची नसते म्हणूनच तर हे सगळं घडलं.

माझी सुमन नाशकात दिलेली, मखमलाबादकडं. सासरी फुलांचा मळा, घर माळकरी. माणसं गोड, आणि काय सांगू, भाजीसुद्धा गोड. मी घोटीकडची, भात आणि ठेच्यावर वाढलेली.

तेव्हा नाशकात नवंच खूळ निघालं होतं. बैठकीत काचेची पेटी ठेवायची आणि तिच्यात मासे सोडायचे. जावईबापूंनीही आणली. मी दिवेलागणीला पोचले, तर चहाच्या आधी मला पेटीपुढं बसवलं.

"आई, ही पट्ट्यापट्ट्यांची बघा. फॉरेनची आहे. दुकानदार म्हणाला, असली नाशकात कोणाकडे नाही."

मी वाकून पाहिलं. बोटाएवढी, अंगावर काळे पट्टे, तोंडाला मिशा, तळाच्या वाळूवर पोट टेकून बसलेली. आता तुम्हीच सांगा, राग येणार नाही का?

"कसली फॉरेनची? ही आमच्या दारणा नदीतली मुरी हाय. तिखट-मीठ लावून तव्यावर टाकायचो हिला. लय ग्वाड लागती."

शेजारी विहीणबाई जप करत होत्या. त्यांची माळ जागच्या जागी थांबली. सुमननं मला असा चिमटा काढला की वळ उठला.

दुसऱ्या दिवशी सगळी मळ्यात गेली. घरात मी एकटी. तिन्हीसांजेला परत आली, तर जावईबापू पेटीपुढं उभे.

"आई, पट्टेवाली कुठंय?"

पेटीत नाही. सोफ्याखाली नाही. फ्रीज ओढून पाहिला, त्याच्यामागं नाही. तेवढ्यात विहीणबाई आतून तवा घेऊन आल्या. नुकता घासलेला.

"विहीणबाई, दुपारी तवा कशाला लागला?"

त्या तव्यावर मी मिरच्या भाजून ठेचा केला होता. पण तसं सांगायचं म्हणजे तुमच्या घरचं अन्न घशाखाली उतरत नाही, असं तोंडावर म्हणायचं. लेकीच्या सासरी असं बोलतात का? मी म्हटलं, "पापड भाजला."

"पापड तर परवाच संपले. आणि दारात पाय ठेवल्याठेवल्या मला ठसका लागला. तिखट-मीठ लावलं होतं वाटतं?"

माझं डोकंच फिरलं. "मी काय चोरून मासा खाईन? आणि खायचाच तर एक? एका मुरीनं काय होतंय? आम्ही टोपलीभर खायचो."

हे बोलायला नको होतं.

सुमन रडकुंडीला आली. "आई, खाल्ली असशील तर सांगून टाक. मला इथं जन्म काढायचाय."

पोटची पोरगी असं म्हणाली. मी सगळं शेजारच्या मांजरावर ढकललं.

"मांजर तवा घासतं का?" विहीणबाई म्हणाल्या.

झालं. मी पिशवी भरली. घोटीची एसटी गाठते, या घरचं पाणी पिणार नाही, म्हणून दारापर्यंत गेले आणि वीज गेली. लोडशेडिंगचे दिवस ते. पेटीतले बुडबुडे थांबले. जावईबापूंनी बॅटरी लावली, तर पेटीच्या तळाला वाळू हलली. आधी मिशा आल्या, मग डोकं. मुरी सरळ वर आली, हवेचा एक घोट घेतला आणि खाली जाऊन पुन्हा वाळूत घुसली.

जावईबापूंनी माझे पाय धरले. विहीणबाईंची मान खाली. सुमननं पिशवी काढून घेतली. तिथं मी गप्प बसायचं की नाही? पण मी कसली गप्प बसते.

"एवढं साधं तुम्हाला कळंना? मुरी दिवसाची वाळूतच असती. दिवे लागायच्या वक्ताला बाहेर निघती, जीव गुदमरला की वर येऊन हवा पिती. आम्ही नदीत गेलो की आधी टोपलीनं वाळूच उपसायचो. आमच्याकडं शेंबड्या पोरीलाबी हे ठावं असतंय."

अंधारातून विहीणबाईंचा आवाज आला, अगदी मऊ.

"मग विहीणबाई, हे मघाशी का नाही सांगितलंत?"

रागाच्या भरात वाळू डोक्यातच आली नाही. मी मुकाट्यानं माठामागं लपवलेली ठेच्याची वाटी काढून पुढं ठेवली.

अजून त्या घरात किल्ली हरवली की विहीणबाई सुमनला म्हणतात, "घोटीला फोन लाव गं. तुझ्या आईला ठाऊक असेल. फक्त सांगायचं राहिलं असेल."