हात कुणी लावला?

नातवंडांनो, काल फोनवर विचारलंत, "आजी, प्लाझ्मा फवारणीतलं तुला काय ठाऊक?" म्हणून आजच लिहायला बसले. ठाऊक आहे. नोकरीत इतकी चिडचिड दुसऱ्या कुठल्याच प्रकरणात झाली नाही.

भूकंपानंतरची वर्षं. लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघत होते. माझ्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत, उदगीर रस्त्याला एक कारखाना होता. तिथे विजेच्या अतिउष्ण झोतात, म्हणजेच प्लाझ्मात, सिरॅमिकची पूड वितळवून भट्टीच्या लोखंडी भागांवर फवारत. त्या पांढऱ्या थरामुळे लोखंड आचेत टिकून राही.

दसरा उलटला आणि मालक तक्रार घेऊन आला. एका खेपेतल्या सगळ्या भागांचा थर भट्टीत सुटला होता. फवारणी करणाऱ्या कामगाराला दुसऱ्या कारखान्याने फितवलंय, असा त्याला संशय होता. कामगाराचं घर भूकंपात गेलेलं. आता नोकरीही जाणार होती.

हवालदाराने डायरी उघडली. "मॅडम, प्लाझ्मा म्हंजे रक्तपेढीतला का?"

कामगार जबाबात एवढंच सांगे, "लोखंड खरवडून साफ केलं की उघडा हात लावत न्हाईत. तेलकट झालं तर थर धरत न्हाई. म्या मोजे घालूनच फवारलं." बाकीच्यांना खोदून खोदून विचारलं. मालक, त्याची आई, वॉचमन, सगळ्यांचं एकच उत्तर: हात न्हाई लावला. डोकं उठलं माझं.

शेवटी सगळे भाग ओळीने मांडायला लावले. प्रत्येकाचा थर एकाच जागी सुटलेला, शेजारी-शेजारी दोन ठिपके, बोटाच्या टोकाएवढे. घातपात करणारा इतका नीटनेटका नसतो.

"खंडेनवमीला पूजा झाली होती?"

"हाव तर!" मालकाच्या आई खुशीत म्हणाल्या. "समद्या सामानाला, त्या खरवडलेल्या लोखंडाला बी, म्याच हळदकुंकू लावलं. तेलात कालवून, वघळू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी पुसून बी घेतलं. हा गडी गावाकडं गेल्ता."

"अहो, मग हात लावला नाही कसं म्हणता?"

"पूजा केली की बाई! हात कुठं लावला?"

इंजिनिअर मालकाने हवालदाराकडून पेन मागून घेतलं. तक्रार तिथेच मागे घेतली गेली.

खोटं कुणीच बोललं नव्हतं. ज्याला विचारतो त्याच्या मनात त्या शब्दाचा अर्थ काय, हे आधी पाहावं, एवढं त्या प्रकरणाने शिकवलं.

कारखाना अजून चालू आहे. तो कामगार तिथेच फोरमन झाला. खंडेनवमीची पूजा आजही होते. फक्त खरवडलेलं लोखंड त्या दिवशी कुलपात असतं.