कर्णिककाकांच्या पाइपसाठी लाकूड

चार माणसं एका खुळापायी एकत्र आली की किस्से साचतच जातात. घरातल्या जुन्या पिशव्यांसारखे; टाकवत नाहीत आणि पाहुणे आले की नेमके तेच बाहेर निघतात. आमचं खूळ होतं तंबाखू. ती शेतात लावायची, पानं लाकडाच्या धुरावर धरायची आणि कर्णिककाकांच्या पाइपमध्ये भरायची.

काका रिटायर्ड मॅनेजर, नाशिकला इंदिरानगरमध्ये आमच्याच बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर. त्यांचा भाचा बोटीवर होता, तो धुराच्या वासाची विलायती तंबाखू आणायचा. नव्वदच्या दशकात कधीतरी त्याने बोट सोडली आणि डबे बंद झाले. काकांचा चेहरा बघवेना. मी बोलून गेलो, "त्यात काय, आपण घरी करू." मी बँकेत कॅशियर. शेतीचा अनुभव म्हणजे गॅलरीतली तुळस, तीही बायको जगवायची.

माझा मित्र बापू सिन्नरकडचा शेतकरी. त्याने निपाणीच्या पाहुण्यांकडून बी आणून बांधालगत रोपं लावली. दुसरा मित्र विनायक कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचा, म्हणून धुराचं खातं त्याच्याकडे. काकांनी एकदा तरी "छान" म्हणावं, एवढंच आम्हाला हवं होतं. पण काका तोंडदेखलं बोलणाऱ्यातले नव्हते.

*

पहिलं लाकूड माझ्या डोक्यातून निघालं. कडुनिंब. आरोग्याला चांगला असतो म्हणे! गच्चीवर पिंपात धूर केला, वर पानं टांगली.

काकांनी एक झुरका घेतला आणि पाइप खाली ठेवला. "काढा उकळून प्यायचा असतो," म्हणाले.

सोसायटीतले डास मात्र गायब झाले. सेक्रेटरी स्वतः घरी येऊन म्हणाले, "दर आठवड्याला करत जा हो." माझ्या तंबाखूचं आजवर झालेलं कौतुक ते एवढंच.

*

मग विनायक पुढे सरसावला. "लाकूड टणक हवं," असं सांगून त्याने फर्निचरवाल्याकडून सागाचे तुकडे आणले. धूर देताना अर्धा तास लेक्चरही दिलं. पानांवर चकाकी आली. विनायक म्हणाला, "बघा, तेल सुटलंय."

काकांनी झुरका घेतला, डोळे मिटले. आम्ही श्वास रोखून उभे.

"कपाट कोणाचं?" काकांनी विचारलं.

तुकड्यांना पॉलिश होतं. केमिस्ट्रीच्या प्राध्यापकाच्या ते लक्षात आलं नव्हतं. आम्ही दोघं तर त्याच्या भरवशावर होतो.

*

आंब्याचं लाकूड मात्र खात्रीचं वाटलं. गच्चीवर चार विटा मांडल्या, आंब्याच्या काटक्या रचल्या. त्या पेटेनात म्हणून बापूने पळीभर तूप ओतलं. दहा मिनिटांत शेजारच्या तीन वहिनी डोक्यावर पदर घेऊन हजर, हात जोडून.

"होम कसला हो?" एकीने विचारलं.

"वास्तुशांत," विनायक पटकन म्हणाला. त्याच्या तोंडून तेवढंच निघालं.

मग काय, आरती म्हणावी लागली. प्रसाद म्हणून बापूच्या खिशातले शेंगदाणे वाटले. पानं टांगायची तशीच राहिली. बायको आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. तिला न कळवता तिच्या घराची दुसऱ्यांदा वास्तुशांत झाली होती!

*

नाशिकमध्ये राहून द्राक्ष सुचायला आम्हाला काही वर्षं लागली. बापूच्या बागेत छाटणीच्या काड्यांचा ढीग पडलेला. धूर काय सुंदर निघाला म्हणता! पण काकांना पहिल्या झुरक्याला असा ठसका लागला की काकू पाणी घेऊन धावल्या.

बापू खाली मान घालून म्हणाला, "काका, गंधक मीच मारला व्हता. भुरीची बुरशी लय आली व्हती वेलींवर."

काकांनी डोळे पुसले. "मग माझी भुरी गेली असेल," म्हणाले.

*

पुढल्या वर्षी काकांच्या छातीचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी पाइप कायमचा बंद करायला सांगितला. काकूंनी आम्हाला बोलावून घेतलं. "एकदाच ओढू देणार आहे मी त्यांना, शेवटचं. जरा नीट आणा काहीतरी."

आम्ही घाबरलो. कारण त्या वर्षी आमच्यात लाकडावरून कडाक्याचं भांडण झालं होतं. मला पेरू हवा होता, बापूला बाभूळ, विनायकला जांभूळ. कोणी हटेना. त्या भांडणात पानं बापूच्या कांदाचाळीत टांगलेलीच राहिली आणि तिथेच वाऱ्यावर वाळली. धुराचा वासही त्यांना लागला नव्हता. दुसरं काही हाताशी नव्हतं, तीच चुरून नेली.

काकांनी पाइप भरला, पेटवला. एक झुरका झाला, दुसरा झाला. काका पाइप काही खाली ठेवीनात. तळापर्यंत ओढला. काकू दाराशी उभ्या होत्या.

राख झाडून काकांनी विचारलं, "लाकूड कोणतं?"

"पेरू," मी म्हणालो. "बाभूळ," बापू म्हणाला. "जांभूळ," विनायक म्हणाला. तिघंही एकाच वेळी.

काकांनी एकेकाकडे पाहिलं. मग पाइप पुसून काकूंच्या हातात दिला.

"छान," ते म्हणाले. "हेच प्रमाण ठेवा."