लिंक जिकडे नेईल तिकडे

कर्नलमध्ये एक बदल मंजूर व्हायला महिने जातात. तोवर कोड कमी आणि किस्सेच जास्त जमतात. आमचेही जमले. मी, प्रशांत आणि मेघना, तिघं मेघनाच्या बेव्हर्ली पार्कच्या फ्लॅटमध्ये, हॉलमध्ये बसून काम करायचो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्यातला सिमलिंक हाताळणारा जुना कोड आम्ही बदलत होतो. सिमलिंक ही अशी फाइल, जिच्या पोटात फक्त दुसऱ्या फाइलचा पत्ता असतो.

प्रशांतची आई जुन्या भाईंदरची, मिठागरवाल्यांच्या घरातली. त्याने तिला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे सवताकडं काय न्हाय, दुसऱ्याचं घर दाखवायचं. तुजा मामाच हाय तो."

आम्ही सिमलिंकला मामा म्हणायला लागलो.

एकदा प्रशांतने टेस्टसाठी दोन लिंक बनवल्या. पहिली दुसरीकडे पाठवते, दुसरी पहिलीकडे. अशा वेळी कर्नलने थोड्या फेऱ्या मारून एरर द्यायला हवी. आमचा थांबेचना. मशीन हँग.

मेघना म्हणाली, "तुझं आणि वहिनीचं कालपासून हेच चाललंय ना? तू आधी बोल, तू आधी बोल."

प्रशांत बाल्कनीत गेला, घरी फोन लावला. परत आला आणि मग बग शोधला.

आमचा कोड तपासणारे गृहस्थ परदेशातले, ईमेलमध्ये 'नाही'पलीकडे फारसं न लिहिणारे. प्रशांतच्या आईला हॉस्पिटलमध्ये ठेवलं तेव्हा त्याने उशीर होईल म्हणून कळवलं. उत्तर आलं, "आधी आई. कोड कुठे पळून जात नाही." आई बरी होऊन घरी आली, तसं त्याने ते कळवलं. "आनंद झाला," त्यांनी लिहिलं, आणि खाली अख्ख्या पॅचमधल्या, म्हणजे आम्ही पाठवलेल्या बदलांमधल्या, चुका.

शेवटी पॅच मंजूर झाला. आम्ही तो ईमेल पुन्हापुन्हा वाचतोय, तेवढ्यात मेघनाच्या लक्षात आलं, दार उघडं आहे आणि आप्पा घरात नाहीत. आप्पा तिचे सासरे. सगळं आयुष्य परळच्या चाळीत गेलं, आणि आता विसरायला लागलेत. संध्याकाळ झाली की "मी घरी जातो, परळला" म्हणतात. आम्ही तिघं धावत खाली गेलो.

गेटपाशी वळणावरून, आप्पांना ओळखणाऱ्या नाक्यावरच्या इरफानभाईंची रिक्षा येत होती. मागे आप्पा, ताठ बसलेले.

"चलो आप्पा, परल आ गया," इरफानभाई म्हणाले.

आप्पा सावकाश उतरले. बिल्डिंगकडे मान वर करून बघितलं, मग मेघनाकडे.

"सूनबाई," ते म्हणाले, "चाळीला रंग छान दिलाय गं."