मागण्या शून्य

निर्मला गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. शिपायानं दारातून खूण केली, मी चिडूनच बाहेर आले. पलीकडे पारशिवनीहून तिचा धाकटा भाऊ बोलत होता. "कमलताई, ताई गेली... काविळीनं. तुमचा नंबर सापडत नव्हता, दहावं होऊन गेलं." मी त्याला काय बोलले ते आठवत नाही. परत वर्गात गेले आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं, ही माझी जात. त्याला आता दीड महिना झाला. निर्मलाबद्दल चार चांगले शब्द लिहायला बसले की दर वेळी माझ्याबद्दलचं वाईट आधी आठवतं, तेव्हा आज तेही लिहून टाकते.

नावाआधी डॉक्टर लावायचं खूळ आम्हा दोघींना एकाच वर्षी लागलं. विवाह आणि कुटुंब समुपदेशनात पीएच.डी. करायची म्हणजे नक्की काय, हे सांगता सांगता नाकी नऊ येत. माझी आई म्हणायची, "दुसऱ्यांची भांडणं सोडवायला तीन वर्षं शिकणार, मग स्वतः कधी भांडणार?" निर्मलाचे वडील शेतकरी. त्यांनी गावात सरळ सांगून टाकलं होतं, "पोरगी नवरा-बायकोची डाक्टर होऊन राहिली." आमचे गाइड, आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो, हे शास्त्र परदेशात शिकून आले होते. विभागाच्या मागच्या खोलीत त्यांनी लाकडी जाळीचा पडदा बसवून घेतला होता. एक विद्यार्थिनी जोडप्यासमोर बसे, दुसरी जाळीमागे. जोडप्याला ते आधी सांगितलेलं असे, पण जाळीमागची दिसत नसे. तिनं तक्ता भरायचा. कोण किती वेळा बोललं, कोणाचा आवाज चढला, कोणी काय मागितलं. शनिवारी सर तक्त्यांवरून आलेख काढायला लावत. नियम दोनच, बाजू घ्यायची नाही आणि दोघांपैकी कोणालाही एकटं भेटायचं नाही. "एकीला वेगळं भेटलात की तुम्ही सल्लागार राहत नाही, वकील होता," असं सर म्हणत, आणि ते मला तेव्हा अगदी पटायचं.

एका उन्हाळ्याआधी आमच्याकडे इतवारीतलं एक जोडपं येऊ लागलं. त्याचं कापडाचं दुकान होतं. तिचं नाव शकुन म्हणू या. निर्मला त्यांच्यासमोर आणि मी जाळीमागे. पहिल्या दिवशी शकुन इतकी भांडली की माझी पेन्सिल पुरेना. तिला शिवणाचं मशीन घरात हवं होतं, बाहेरचे कपडे शिवायचे होते, कळमेश्वरला माहेरी जाऊन यायचं होतं. नवरा शांत, हात जोडून बोलणारा. "तापट आहे जराशी, मॅडम. मी समजून घेतो." किती सभ्य माणूस, असं मला वाटलं, आणि मी तसं समासात लिहूनही ठेवलं. पाचव्या बैठकीपर्यंत तिच्या मागण्या दोनवर आल्या. आठव्या बैठकीत ती म्हणाली, "आता काही नाही पाहिजे. मशीन आली होती घरात, ते जावेले देऊन टाकली." तक्त्यात त्यासाठी रकाना होता, 'मागणी मागे घेतली'. मी तिथे खूण केली आणि खाली लिहिलं, मागण्या शून्य. सरांनी तो आलेख सगळ्यांना दाखवला. इतकी सरळ उतरती रेघ त्यांनीही फारशी पाहिली नव्हती.

त्या आनंदात मी निर्मलाला बर्डीच्या बाजारात आलूबोंडा खायला नेलं. तिनं तिच्या बोंड्याला हात लावला नाही.

"कमल, ती भांडत नाही आता."

"मग? हेच तर हवं होतं आपल्याला."

"नाही वं. मशीन जावेले देल्ली. कानातले भाचीले देल्ले, पाहिलं नाही का तू? माणूस आपलं सगळं काहून वाटून राहते?" ती माझ्याकडे पाहत होती, पण मी खात होते. "मले भेव वाटून राहिलं..."

मी तिची थट्टा केली. तुला पारशिवनीच्या जंगलात वाघ दिसायचे, आता इथेही दिसतात, असं काहीतरी बोलले. दुसऱ्या दिवशी तिनं सरांकडे शकुनला एकटीला भेटायची परवानगी मागितली. सरांनी शांतपणे नकार दिला. मग ती माझ्याकडे आली. "चाल नं माझ्यासंगं इतवारीले. दोघी असलो तर बोलता येईन." मी म्हटलं, माझ्या प्रबंधाचं प्रकरण सोमवारी द्यायचंय. प्रकरण द्यायचं होतं हे खरं, पण कारण ते नव्हतं. निर्मलाचं खरं निघालं तर माझा आलेख वाया जाणार होता, म्हणून मी गेले नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

ती भर दुपारी एकटीच गेली, नवरा दुकानात असेल ती वेळ बघून. पुढचं तिनं मला नंतर सांगितलं, तेही एकदाच. शकुननं तिला पाणी दिलं. पलंगावर फ्रॉकच्या घड्या रचलेल्या होत्या, एकावर एक, सगळे नवे. शकुनची मुलगी चार वर्षांची. वरचा फ्रॉक तिच्या मापाचा, त्याखालचा थोडा मोठा, त्याखालचा आणखी मोठा. अगदी तळाचा निर्मलानं स्वतःच्या अंगाला लावून पाहिला, तर थोडाच आखूड झाला.

"हे सारे एकीचेच?"

"हो, मॅडम. मशीन द्यायच्या आंधी शिवून ठेवले. पोरीले पुढं कोनाले मागायचं काम पडू नये."

घरात सगळं लख्ख होतं, डबे भरलेले, भांडी पालथी घातलेली. निर्मला म्हणाली, कायमचं निघून जाण्याआधी आवरावं तसं ते घर होतं. ती शकुनच्या शेजारी बसली आणि विचारलं, तू आमच्याकडे बोलणं का बंद केलंस? शकुननं आधी दार लोटलं, मग पाठीवरचा पदर बाजूला केला. "तुमच्यासमोर जे बोलली, ते घरी येऊन भोगली. मंग बोलनंच सोडलं." त्या पाठीचं वर्णन निर्मलानं मला कधीही केलं नाही. तासाभरात ती शकुनला आणि लेकीला घेऊन पारशिवनीच्या एसटीत बसली होती. निघताना शकुन फ्रॉक बांधून घेऊ लागली, तर निर्मलानं घेऊ दिले नाहीत. म्हणाली, "राहू दे ते. पुढचे तू पोरीचं माप घेऊन शिव."

नवरा दुसऱ्या दिवशी विभागात आला, तसाच हात जोडून, आवाज न चढवता. तक्रार लेखी होती. सर वाईट नव्हते हो... ते निर्मलाला म्हणाले, "माणूस म्हणून तू बरोबर असशील, पण या कामाला तू योग्य नाहीस." तिनं वाद घातला नाही. नाव काढून घेतलं आणि गावी निघून गेली. आणि मी? माझ्या प्रबंधात ते जोडपं तसंच राहिलं, आठ बैठका, निष्कर्ष 'लक्षणीय सुधारणा'. मी स्वतःला समजावलं की जे घडलं ते बैठका संपल्यावर घडलं. छापून आल्यावर तिनं प्रत मागून घेतली, वाचली आणि एक दिवस माझ्याकडे येऊन ते पान उघडून बोट ठेवलं. "हा शून्य माह्या डोळ्यासमोरून जात नाही, कमल. तुह्या जाते?" मी भडकले. दारात आलेल्या मैत्रिणीला पाणीही न विचारता मी काय काय बोलले. त्यानंतर आम्ही पत्रं लिहिली, दिवाळीला भेटलो, पण ते पान पुन्हा कधी उघडलं नाही.

गेल्या पंधरवड्यात पारशिवनीला जाऊन आले. पदवी नसली तरी आसपासच्या गावांतली जोडपी तिच्या ओसरीवर येत, हे मला माहीत होतं. कशी बसवायची ते तिच्या भावानं दाखवलं. दोघांना समोरासमोर, जाळी नाही, कागद नाही. दहा-पंधरा मिनिटं झाली की नवऱ्याला म्हणायची, "भाऊ, स्टँडवरून चहा सांगून या नं जरा." तिचा भाऊ म्हणाला, "घरात चूल पेटली राहे, तरी चहा स्टँडवरचाच. मी म्हणो, काहून पैसे घालवतं? तर हासे नुसती." स्टँड तिथून चांगला लांब आहे. तेवढ्यात एक बाई डोक्यावरून पदर घेऊन आली आणि माझ्याजवळ बसली. शकुन होती. केस पांढरे झालेत, गावात शिवणकाम करते. "तुम्ही ताईच्या कोन?" तिनं विचारलं. मी तिचा आवाज, तिचं बोलणं, तिचं गप्प होणं, सगळं मिनिटामिनिटानं टिपलं होतं, पण तिनं मला कधी पाहिलंच नव्हतं. मैत्रीण, एवढंच म्हणाले. त्याहून जास्त सांगायची हिंमत झाली नाही.

परवा विभागात एक नवं जोडपं होतं. आता सरांच्या जागी मी आहे, जाळीमागे माझे विद्यार्थी बसतात आणि तेच दोन नियम मी त्यांना इतकी वर्षं शिकवत आले. नवरा बोलका, नम्र. बायको म्हणत होती, सगळं ठीक आहे, माझं काही म्हणणं नाही. मी त्याला म्हटलं, "खाली जाऊन तीन चहा सांगून येता का?" जाळीमागची पेन्सिल थांबल्याचं मला ऐकू आलं. तो क्षणभर बायकोकडे पाहत राहिला, मग हसला आणि उठला. जिन्यावर त्याची पावलं वाजत खाली गेली. ती दाराकडे बघत होती. पावलं पुरती ऐकू येईनाशी झाली तेव्हा ती माझ्याकडे वळली आणि घाईघाईनं, अगदी हळू म्हणाली, "त्यायले याले किती वेळ लागन, मॅडम?"